‘घाई काय आहे?’ असं तो म्हणतो तेव्हा

या अंकासाठी तीन पत्रं निवडली आहेत. तिघांची नावं छापलेली नाहीत. गावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. पहिलं पत्र सर्वांत लांब होतं, उत्तरही तितकंच लांबलं. संपादकांनी कात्री लावायची असेल तर दुसऱ्या उत्तराला लावावी.

प्रिय ताई,
मी तीस वर्षांची. मूळची नाशिकची, पुण्यात आयटीत नोकरी करते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून आम्ही एकत्र आहोत. लॉकडाऊन उठल्यावर माझी रूममेट नोकरी सोडून गावी गेली, भाडं एकटीला परवडेना, तेव्हा तो म्हणाला, ‘मीच येतो राहायला.’ तेव्हापासून वाकडला एकत्र राहतो. माझ्या घरी माहीत नाही. त्याच्या आईला अंदाज असावा. जात वेगळी आहे, पण ‘आमच्याकडे तसं काही नसतं,’ असं तो म्हणतो. लग्नाचा विषय काढला की ‘घाई काय आहे? आपण एकत्रच तर आहोत.’ मागच्या दिवाळीत म्हणाला, प्रमोशन होऊ दे. ते झालं. मग त्याने ताथवड्यात फ्लॅट बुक केला, वीस वर्षांचं कर्ज काढून. सँपल फ्लॅट बघायला आम्ही दोघं गेलो, किचनच्या टाइल्स मी पसंत केल्या. पण सहअर्जदार त्याचे वडील. विचारलं तर ‘लोनला सोपं पडतं.’ तो वाईट नाही हो. माझं डोकं दुखायला लागलं की खोलीत अंधार करून शेजारी गप्प बसून राहतो. इकडे आईबाबांनी वधूवर सूचक साइटवर माझं नाव घातलंय. ॲप माझ्याही फोनवर आहे, चिडले की उघडून बघते. एक मैत्रीण म्हणते त्याला अल्टिमेटम दे. दुसरी म्हणते त्याला कमिटमेंट फोबिया आहे, सांभाळून घे. इतकी वर्षं पाण्यात घालवायची का? त्याचं माझ्यावर प्रेम आहे की नाही हेच कळेनासं झालंय.

उत्तर : त्याचं तुझ्यावर प्रेम असणार. अंधार करून शेजारी गप्प बसणं हे दाखवण्यासाठी कुणी करत नाही. पण या उत्तराने तुझं काम भागणार नाही. प्रेम आहे का आणि हा माणूस राहायचं ठरवतोय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तू पहिला विचारून दुसऱ्याचं उत्तर शोधते आहेस.

कॅरिल रसबल्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या सुमारास एक साधा प्रश्न धरून ठेवला. माणसं नात्यात टिकतात ती सुखी असतात म्हणून, की आणखी कशामुळे? त्यांचं उत्तर तीन भागांचं होतं. एक, नात्यात किती समाधान आहे. दोन, बाहेर काय पर्याय दिसतात. पर्याय म्हणजे दुसरी व्यक्तीच असं नाही, एकटं राहणं किंवा माहेरी परतणं हाही पर्यायच. आणि तीन, आजवर या नात्यात काय काय गुंतवलंय, म्हणजे वर्षं, पैसा, सामाईक मित्र, एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी. या तिन्हींतून बांधिलकी तयार होते आणि नातं टिकेल की नाही याचा अंदाज बांधिलकीवरून येतो. पुढे २००३ मध्ये ५२ अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा हे गणित बऱ्यापैकी खरं ठरलं. समाधानाचा वाटा मोठा निघाला, पण बाकीच्या दोघांचाही होता. म्हणूनच सुखी नसलेली माणसं वर्षानुवर्षं एकत्र राहतात आणि बऱ्यापैकी सुखात असलेली कधी कधी निघून जातात.

रसबल्ट यांचा १९८३ चा एक अभ्यास मी तुझ्यासाठी मुद्दाम सांगते. त्यांनी प्रेमात असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींकडून काही महिने वारंवार प्रश्नावल्या भरून घेतल्या. काही टिकले, काही स्वतःहून बाहेर पडले आणि काहींना जोडीदाराने सोडलं. या तिसऱ्या गटाची गोष्ट वाचवत नाही. त्यांचं समाधान फारसं वाढत नव्हतं, बाहेरचे पर्याय आटत चालले होते आणि तरी ते नात्यात भरभरून घालतच होते. तुझं तसंच होईल असं माझं म्हणणं नाही. पण तुझ्या पत्रात ‘इतकी वर्षं’ हे शब्द ज्या जागी आलेत तिथे मी थांबले. गेलेली वर्षं गेली, तू राहिलीस तरी आणि निघालीस तरी. ती परत मिळवण्यासाठी पुढची वर्षं घालणं म्हणजे बुडीत कर्ज वसूल करायला नवं कर्ज देणं.

आता एकत्र राहण्याबद्दल. तुम्ही एकत्र राहायला लागलात कारण रूममेट गेली आणि भाडं जड झालं. यात चूक काहीच नाही, अर्ध्या पुण्यात हेच होतं. पण ते ठरवून झालं नाही, ओघात झालं. डेन्व्हर विद्यापीठातल्या स्कॉट स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. त्यांचा मुद्दा असा, की बांधिलकीत दोन धागे असतात. एक, मला या माणसाबरोबर पुढे जायचंय ही ओढ. दुसरा, आता सुटणं अवघड झालंय ही अडचण. सामाईक भाडेकरार, एकच फ्रिज, एकाच ग्रुपमधले मित्र यांनी दुसरा धागा आपोआप जाड होतो. पहिला आपोआप होत नाही, त्यासाठी कधीतरी बसून ‘हो’ म्हणावं लागतं. लग्नापूर्वी एकत्र राहण्याच्या परिणामांची तिकडची आकडेवारी आपल्याकडे जशीच्या तशी लावू नये, आपल्याकडे मुळात मामला लपूनछपून चालतो. पण ओघात घसरणं आणि ठरवणं हा फरक वाकडलाही तितकाच लागू आहे. ‘आपण एकत्रच तर आहोत’ या वाक्यात त्याने दुसरा धागा दाखवून पहिला चुकवलाय.

फोबियाचं आता सोडून दे. कमिटमेंट फोबिया नावाचा आजार कुठल्याही निदानपुस्तिकेत नाही. जवळीक वाढली की अवघडणारी माणसं असतात, हे खरं. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी लहान मुलांच्या आईशी असलेल्या ओढीचे प्रकार मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिले तेव्हा सुमारे चौथा हिस्सा लोक या अंतर राखणाऱ्या गटात पडले. पण अशी माणसं साधारण तुमच्या दुखण्याखुपण्यात लांब सरकतात, हा तर येऊन बसतो. शिवाय, वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणाऱ्याला लांब पल्ल्याच्या शब्दाचीच धास्ती आहे, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

माझ्या मते घोडं दुसरीकडे अडलंय. सँपल फ्लॅटला तू होतीस, टाइल्सला तू होतीस, अर्जावर मात्र बाबा. वडील सहअर्जदार असल्याने लोन खरंच सोपं पडत असेल, त्यावरून मी त्याला खोटा ठरवणार नाही. पण तुझ्या पत्रात त्याच्या घरच्यांशी झालेला एकही संवाद नाही. आईला ‘अंदाज असावा’, जातीबद्दल ‘तसं काही नसतं’, हे सगळं त्याच्या तोंडचं. आमच्याकडे तसं काही नसतं असं म्हणणाऱ्या घरात ते नेमकं कधी असतं हे मुलीचं नाव आणि आडनाव उच्चारल्यावर कळतं, आणि माझा अंदाज असा की त्याने ते अजून उच्चारलेलं नाही. त्याला तू हवी आहेस आणि घरात वादळही नको आहे. दोन्ही मिळतंय तोवर त्याला खरोखरच कसली घाई?

म्हणून अल्टिमेटम देऊ नकोस. ‘सहा महिन्यांत लग्न, नाहीतर मी चालले’ याला तो ‘बरं’ म्हणेल आणि पाचव्या महिन्यात पुन्हा प्रमोशन निघेल. लग्न करशील का, हेही विचारू नकोस. त्याऐवजी असं काही विचार ज्याचं उत्तर हावभावाने देता येत नाही. घरी माझं नाव कधी सांगणार? आधी कुणाला, आईला की बाबांना? तू सांगताना मी तिथे असू का? ते नाही म्हणाले तर तू काय करशील? आणि हे रविवारी सकाळी घरात बसून, समोरासमोर विचार. गाडीत नाही, त्याच्या ऑफिसच्या कॉलच्या मधे नाही. आंतरजातीय लग्न नोंदणीने करायचं तर विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते, हे तुम्हा दोघांना आधीच माहीत असलेलं बरं. कायद्यालाही तारीख लागते. तो चिडला तर चिडू दे. तो ‘आईला गणपतीत गेलो की सांगतो, तू पण चल’ असं काही म्हणाला, तर त्याचा अर्थ आहे. ‘बघू गं’ याचाही अर्थ आहे, आणि तोही तुला ऐकावा लागेल.

आता तुझ्याकडे येते, कारण पत्रात एक वाक्य तू हळूच सरकवलंयस. ॲप. जॉन्सन आणि रसबल्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं की नात्यात पक्के असलेले लोक समोर आलेल्या आकर्षक माणसाला कमी गुण देतात. तो बरा नाही म्हणून नव्हे, आपलं ठरलंय म्हणून मन स्वतःच दार लोटून घेतं. तू चिडल्यावर ते दार उघडून बघतेस. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस, फक्त प्रामाणिकपणे तपास की तूही हातचं राखून आहेस का. तळ्यात-मळ्यात खेळणारा तो एकटा नाही, असं निघालं तर रविवारच्या बैठकीत तेही टेबलावर ठेव. आणि मुख्य म्हणजे, नऊएक वर्षं तुझ्या आईबाबांनाही तू त्याचं नाव सांगितलेलं नाहीस. ते त्याच्यावर ढकलता येणार नाही.

आदरणीय मॅडम,
वय एकतीस, कल्याणला राहतो, बँकेत आहे. रत्नागिरीकडच्या मुलीशी साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात. पाच-सहा वेळा भेटलो. बोलणं छान जमतं, ती विनोदी आहे, माझ्या बाबांची खोड तिने दुसऱ्याच भेटीत ओळखली. पण ती जी धडधड म्हणतात ती होत नाही. अजून चार स्थळं पाहायला हवी होती का, असं रात्री वाटत राहतं. हॉलचं डिपॉझिट भरून झालंय.

उत्तर : डिपॉझिट बाजूला ठेवा. त्याचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, आणि पहिल्या पत्राच्या उत्तरात ते मी सांगून बसले आहे.

रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रेमाचे तीन घटक मांडले : जवळीक, आवेग आणि निर्णय. तुम्ही सांगता ती विनोदबुद्धी, ते बाबांची खोड ओळखणं, ही जवळीक उगवते आहे. निर्णय झालाय. आवेग नाही. मला यात भीतीचं कारण दिसत नाही, कारण तिन्ही एका दिवशी उगवायला हवेत असा नियम नाही. १९८२ मध्ये जयपूरच्या ५० जोडप्यांचा एक अभ्यास झाला, त्यात ठरवून लग्न केलेल्यांचं प्रेम काळाबरोबर चढतं दिसलं आणि प्रेमविवाहवाल्यांचं उतरतं. व्हॉट्सॲपवर मामा-मावश्या हा अभ्यास फार प्रेमाने फिरवतात. मात्र ५० जोडपी म्हणजे फार नव्हेत, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांवर झालेल्या एका अभ्यासात दोन्ही गटांत फरकच निघाला नाही. तेव्हा ‘लग्नानंतर होतं सगळं’ या मावशीच्या वाक्यावर भरवसा ठेवू नका, पण धडधड नाही म्हणजे संपलं, असंही धरू नका.

चार स्थळांचं म्हणाल, तर डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा २००२ चा प्रयोग ऐका. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायचा होता. काहींना सांगितलं, काही दिवसांत बदलून मिळेल. काहींना सांगितलं, ठरलं ते ठरलं. ज्यांना बदलायची मुभा नव्हती त्यांना आपला फोटो जास्त आवडू लागला. मुभा असलेले मनात तुलना करत बसले. गंमत म्हणजे आधी विचारलं तर बहुतेकांना मुभाच हवी होती. तुमचा रात्रीचा विचार हा त्या मुभेतला आहे.

एक मात्र तपासा. ‘धडधड नाही’ आणि ‘नको वाटतंय’ यांत गल्लत करू नका. तिचा फोन आला की तुम्ही उचलता, की वाजू देता? भेट रद्द झाली की हिरमुसता, की सुटल्यासारखं वाटतं? सुटल्यासारखं वाटत असेल तर आत्ता बोला, तिच्याशी आधी आणि घरच्यांशी नंतर. मुलगी मांडवात बसल्यावर फेरविचार करायचा नसतो. हिरमुसत असाल, तर रविवारी तिला कुटुंब वगळून कुठेतरी घेऊन जा. साखरपुड्यानंतरच्या सहा भेटींत चार वेळा आत्या बरोबर असेल, तर धडधड कुठून होणार?

ताई,
मी एक्केचाळीस वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. आमचं लव्ह मॅरेज, सतरा वर्षं झाली. घरच्यांच्या विरोधात जाऊन केलं, तेव्हापासून माहेर तुटलं. फक्त वहिनी कधीमधी फोन करते. नवरा हात उचलतो. रोज नाही. दोनदा दवाखान्यात जावं लागलं. मग आठवडाभर फार प्रेमाने वागतो. मुलं शाळेत आहेत. मीच निवडलं होतं, आता कुठल्या तोंडाने जाऊ? आणि मी अजून इथे आहे म्हणजे माझं त्याच्यावर प्रेमच आहे ना? हा अंक आमच्या वाचनालयात येतो, उत्तर त्यातच द्या, घरी पत्र नको.

उत्तर : तुम्ही अजून तिथे आहात याचा अर्थ तुम्ही अडकल्या आहात, एवढाच निघतो. प्रेम आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. वर ज्यांचं नाव आलं त्या रसबल्ट यांनीच जॉन मार्ट्झ यांच्याबरोबर १९९५ मध्ये मारहाणीमुळे महिला आधारगृहात आलेल्या बायकांचा अभ्यास केला. परत त्याच माणसाकडे कोण गेलं? ज्यांच्या हातात पैसा नव्हता, शिक्षण कमी होतं, जायला जागा नव्हती आणि ज्यांची नात्यातली वर्षं जास्त, मुलं झालेली होती. लोक म्हणतात ‘तिलाच आवडत असेल,’ ते चूक आहे. बाहेरची दारं जितकी बंद, तितकं आत राहणं घट्ट होतं. तुमच्या बाबतीत एक दार तर तुम्ही त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने बंद केलंत, माहेरचं. म्हणून हे लग्न मोडणं तुम्हाला दुप्पट महाग वाटतंय. बावीस-चोविसाव्या वर्षी केलेली निवड एक्केचाळिसाव्या वर्षी मार खाऊन सिद्ध करत बसायची गरज नाही.

आठवडाभराच्या प्रेमाबद्दल मी एवढंच म्हणेन की तो आठवडा मारानंतरच येतो.

नवऱ्याशी समजुतीचं बोलणं, जोडीने समुपदेशन, असलं काही मी तुम्हाला आत्ता सांगणार नाही. मारहाण होते तिथे बायकोने मन मोकळं केलं की त्याची किंमत तिला घरी आल्यावर मोजावी लागते. आधी सुरक्षितता. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तातडी असेल, मार चालू असेल, तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरातून तुम्हाला परस्पर हाकलता येत नाही, घर कुणाच्याही नावावर असो. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं.

तुम्ही लगेच निघा, असंही मी म्हणत नाही. कधी निघायचं, की निघायचंच नाही, हे तुम्ही ठरवा. पण निघणं शक्य आहे एवढी तयारी आजच सुरू करा, म्हणजे राहिलात तरी अडकून राहणार नाही. दोन्ही वेळचे दवाखान्याचे केसपेपर, तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र आणि पासबुक यांच्या झेरॉक्स काढा. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं नसेल तर पोस्टात उघडा. १८१ ला फोन केलात तर नंतर तो नंबर कॉल यादीतून काढून टाका. आणि कोणत्या तोंडाने जाऊ हा प्रश्न वहिनीला विचारूच नका, सतरा वर्षांनीही ती फोन करते आहे. पुढच्या वेळी तिचा फोन आला की कागदांचा हा गठ्ठा तिच्याकडे ठेवायला चालेल का, तेवढं विचारा.